पाच घोडे, पाच टन

एप्रिलच्या अखेरीस माझी थोरली बहीण गिरणीत चक्कर येऊन पडली. पडली म्हणजे धाडकन नाही. पिठाचा डबा धरून हळूच खाली बसली आणि तशीच आडवी झाली. दळण घेऊन आलेल्या बाईंनी मोटर बंद केली, तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि मला फोन केला. ताई उज्जैनातल्या माधव नगरात राहते, मी नानाखेड्याला. वाटेत मी ऑटोवाल्यावर तीनदा ओरडलो. त्याने वळून "अंकल, उड़ा के ले जाऊँ क्या?" असं विचारलं, तेव्हा चौथ्यांदा ओरडलो.

मी पोचलो तर ताई पलंगावर बसून लिंबूपाणी पीत होती आणि अर्धवट राहिलेल्या भाजणीची काळजी करत होती. डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, "माताजी, या तो कमरा ठंडा कीजिए, या काम छोड़िए. इस उमर में तीसरा रास्ता नहीं है." ताई तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. डॉक्टर दाराबाहेर पडल्यावर ती म्हणाली, "याच्या सासूचं दळण माझ्याकडेच येतं. मी काम सोडलं नं, तर पहिली तीच बोंब मारेल."

उज्जैनात सगळे चक्की म्हणतात, ताई गिरणी म्हणते. मेव्हण्यांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत ती टाकली आणि दोनच वर्षांत ते गेले. तेव्हापासून गिरणी ताईची. दहा बाय बाराची खोली, पश्चिमेला एक खिडकी, वर उन्हात तापणारं छत आणि मध्यभागी पाच घोड्यांची, म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर. शहरात चक्क्या पुष्कळ आहेत. पण तिथे मिरचीमागून बेसन आणि बेसनामागून भाजणी दळतात, आणि चकलीची भाजणी किती जाडसर हवी हे सांगायला गेलं तर "माताजी, आटा तो आटा है" असं ऐकावं लागतं. ताई उपवासाच्या भाजणीसाठी आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवते. आदल्या संध्याकाळी दगड उघडून ब्रशने साफ करते आणि सुरुवातीचं मूठभर राजगिऱ्याचं पीठ गाईला घालते, म्हणजे गव्हाचा कण राहिला असला तरी तो निघून जावा. आमच्या मराठी घरांतल्या बायका त्या दिवसासाठी थांबून राहतात. त्या दळणाला येतात आणि दोन तास बसतात, हेही खरं.

उन्हाळ्यात मात्र ती खोली भट्टी व्हायची. बाहेर बेचाळीस, तर आत चव्वेचाळीस-पंचेचाळीस. उज्जैनात कुणाच्याही घरी उन्हाळ्याचा इलाज एकच, कूलर. पण गिरणीत कूलर चालत नाही. त्याच्या दमट हवेने पीठ दगडाला चिकटतं आणि भाजणीला ओल धरते. पंखा लावला तर पीठ उडतं. म्हणून इतकी वर्षं ताई ओल्या टॉवेलावर निभावत आली होती.

त्याच संध्याकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, बस्स झालं आता. गिरणी विकून टाकू, घराला कुलूप लावू. आईला मी इकडे आणतो." मी त्याला झापायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो, कारण तो चुकीचं काही बोलत नव्हता. आई तिकडे एकटी पडते, पिठाच्या खोलीत बेशुद्ध होते, आणि हा आठशे किलोमीटरवर. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

ताईचं पुणं मला ठाऊक होतं. आदल्या दिवाळीला ती तीन आठवडे जाऊन आली होती. सून चांगली, नातू गोड, घर सातव्या मजल्यावर. परत आल्यावर म्हणाली, "सगळे इतके सांभाळतात नं, की मला काही कामच नसतं. सकाळी उठते आणि संध्याकाळ व्हायची वाट बघते." म्हणजे प्रश्न नुसत्या गिरणीचा नव्हता. गिरणी गेली की इथे राहायचं कारण गेलं, आणि कारण गेलं की ताई गेली.

दोन दिवसांनी तिने मला बोलावलं. ती चहा ठेवत होती. "अरे, तू मोटरीचं काम केलंय नं इतकी वर्षं. मला सांग, एसीनं होऊन जाईल का काम? या मोटरीची जितकी गर्मी आहे, तितक्याला किती टनाचा लागेल?"

मी चौतीस वर्षं एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली आहेत. मोटर किती घोड्यांची ते मी आवाजावरून सांगतो आणि बेअरिंग कधी जाणार ते हात लावून सांगतो. या विषयात मला कुणी प्रश्न विचारला की माझी मान आपोआप ताठ होते. पण टन हा आमच्या विभागातला शब्द नव्हता. तो मी ऐकला होता तो एका एसी-मिस्त्रीकडून, शेजाऱ्याकडे दुरुस्तीला आला होता तेव्हा. "मोटा-मोटी एक टन पे एक घोड़े का कंप्रेसर," असं तो म्हणाला होता. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एका टनाला एक घोडा, म्हणजे एका घोड्याला एक टन. पाच घोड्यांना पाच टन. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

विजेच्या बिलाच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पाच टन." खाली लिहिलं, "कनेक्शनला झेपणार नाही." आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. "हे बघ ताई, खोलीत एका टनाचे पाच एसी टांगावे लागतील. चारी भिंतींवर चार आणि एक तुझ्या डोक्यावर. हे काही व्हायचं नाही." माझ्या विनोदावर मीच हसलो. ताईने कागद हातात घेतला, पाहिला, घडी केली आणि देवघराच्या खणात ठेवून दिला. "बरं," एवढंच म्हणाली.

त्या "बरं"वरच सगळं ठरलं. आठवडाभरात आगर रोडकडच्या एका गावातला माणूस येऊन मशीन बघून गेला, त्याला ते पसंत पडलं, आणि गुरुवारी तो टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. भाच्याने ताईचं जूनचं तिकीट काढलं. ताईने नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं. एकीने म्हणे फोनवरच रडायला सुरुवात केली आणि ताईनेच तिची समजूत काढली.

गुरुवारी सकाळी मला तिच्याकडे जायचं होतं आणि जाववत नव्हतं. मशीन उचलताना आपण हजर असावं, पण फार लवकर पोचू नये, असा माझा पळपुटा बेत होता. त्यात बायको म्हणाली, "अहो, ताईंचं झालं तसं आपलं व्हायला नको. जाताच आहात तर वाटेत एसी बघून घेऊ." वेळ काढायला निमित्त मिळालं. आम्ही माधव नगरातल्या एका दुकानात शिरलो. आत छान गार होतं, आणि त्या गारव्यात उभं राहायची मला लाज वाटत होती. आपल्याला मिळतंय आणि बहिणीला मिळत नाही.

लाज वाटली की मी भांडण शोधतो. ते समोरच्या एसीवर चिकटवलेल्या लेबलावर सापडलं. त्यावर लिहिलं होतं, ठंडक पाच हजार वॉट, आणि खाली, वीज दीड हजार वॉट. मी काउंटरवरच्या मुलीला बोलावलं. "ये गलत छपा है. डेढ़ हज़ार वॉट अंदर डालोगे, तो पाँच हज़ार बाहर कैसे आएगा? बाकी क्या आसमान से टपकेगा? चौंतीस साल मोटरें सँभाली हैं मैंने."

बायकोने दुसऱ्या एसीकडे बघायला सुरुवात केली. मी दुकानात बोलायला लागलो की ती नेहमी असंच करते. मुलगी मात्र अजिबात चिडली नाही. पंचविशीची असेल. ती म्हणाली, "अंकल, ये ठंडक बनाता नहीं है. अंदर की गर्मी उठाके बाहर फेंकता है. उठाने का खर्चा डेढ़ हज़ार. जो उठाया, वो पाँच हज़ार."

मी लेबल पुन्हा वाचलं. स्टेशनवरचा हमाल चार पोती उचलतो म्हणून तो काही चार पोती खात नाही. एसीतला कंप्रेसर हमाल आहे. एका घोड्याची ताकद लावून तो तीन-साडेतीन घोड्यांची उष्णता बाहेर वाहून नेतो. आणि मी काय केलं होतं? हमालाच्या खुराकालाच त्याचं ओझं समजलो होतो.

गिरणीच्या मोटरीचं तसं नाही. ती काहीच बाहेर नेत नाही. जितकी वीज खाते तितकी सगळी त्याच खोलीत उष्णता होऊन पडते. थोडी मोटरीच्या अंगात, थोडी पट्ट्यात आणि बाकीची दगडांत दाणा भरडताना. म्हणजे हिशेब अगदी सरळ होता आणि तो मला येत होता. फक्त मी केला नव्हता.

"बेटा, एक टन मतलब कितने वॉट?"

"साढ़े तीन हज़ार, अंकल."

मी माहितीपत्रकाच्या कडेला लिहायला लागलो. एक घोडा म्हणजे सातशे सेहेचाळीस वॉट, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पाच घोड्यांचे तीन हजार सातशे तीस. हे झालं मोटर पुढे देते ते. ती स्वतः खाते त्याहून जास्त, कारण काही वाटेतच वाया जातं. ताईची मोटर जुनी, म्हणून धरले चार हजार चारशे. भागिले साडेतीन हजार. सव्वा टन! विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या वाटेने गेलो. पत्रकात टनाचे बीटीयू, म्हणजे उष्णतेच्या दुसऱ्या मापातले आकडे, दिले होते, तासाला बारा हजार, आणि एका वॉटचे जवळपास तीन पूर्णांक एक्केचाळीस. चार हजार चारशेचे झाले पंधरा हजार. भागिले बारा हजार. पुन्हा सव्वा टन. छताचं ऊन, खिडकी, दाराची उघडझाप आणि दोन तास बसणाऱ्या बायका यांचं सढळ हाताने पाऊण टन धरलं. झाले दोन. दोन टनांचा एक एसी, वीज जेमतेम दोन हजार वॉट. ताईच्या कनेक्शनला हे सहज झेपणार होतं.

उलट थोडं हातचं राखूनच होतं. गिरणीतून पीठ निघतं ते गरम असतं. डबा उराशी धरून घरी नेताना तो पोटाला लागतो. म्हणजे इतकी वर्षं बायका आपापल्या डब्यांतून त्या खोलीतली थोडी थोडी उष्णता घरी घेऊन जात होत्या, आणि कुणी कधी तक्रार केली नव्हती.

"अहो, हसताय काय एकटेच?" बायकोने विचारलं.

"चुकलो!" मी म्हटलं. "अगं, साफ चुकलो!"

एवढ्या आनंदाने मला चुकलो म्हणताना तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं. मला खरंच इतकं हलकं वाटत होतं की त्या मुलीच्या पाया पडायलाही मी कमी केलं नसतं. मग भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सव्वाबारा. टेम्पो बारा वाजता येणार होता.

बायकोला तिथेच उभी ठेवून मी निघालो. फोन करावा हे सुचलंच नाही. दोन गल्ल्यांचं अंतर, मे महिन्याचं ऊन आणि माझं वय, या तिन्हींचा विचार न करता मी पळालो. दारात टेम्पो उभा होता. मागची फळी पाडलेली होती. आत पट्टा उतरवून ठेवला होता, पायाच्या चार बोल्टांपैकी तीन सुटले होते आणि तो माणूस चौथ्यावर पाना लावून बसला होता. ताई खिडकीपाशी उभी राहून फडक्याने भिंतीवरचं पीठ पुसत होती. मशीनमागची ती भिंत इतक्या वर्षांत कधी पुसलीच गेली नव्हती.

"रुको!" मी ओरडलो. पुढे बोलायला श्वास नव्हता. त्या माणसाला वाटलं मी भाव वाढवायला आलोय. तो पाना खाली ठेवून उठला. "बाबूजी, बात तो पक्की हुई थी."

"हुई थी," मी म्हटलं. "गलती मेरी है. हिसाब मैंने गलत किया था." मी ताईकडे वळलो. "ताई, पाच नाही लागत. दोन. एक एसी, दोन टनांचा. मी दोनदा करून बघितलंय."

ताईने फडकं खाली केलं. तिने माझ्याकडे कागद मागितला नाही, काही विचारलंही नाही. फक्त म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

ती त्या माणसाकडे वळली. "भैया, बुरा मत मानना. इसको जैसा था वैसा वापस कस दो." तो माणूस भला होता. क्षणभर डोकं खाजवून त्याने आपला पाना उचलला. "माँजी, म्हारे तो दूसरी मिल जायगी," असं म्हणून त्याने तिन्ही बोल्ट परत कसले, पट्टा चढवून दिला आणि चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. त्याने पट्टा चढवला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी पिठाने माखलेल्या स्टुलावर तसाच बसलो. बायको दहा मिनिटांनी रिक्षाने आली आणि माझ्या कपड्यांवरचं पीठ झटकायला लागली. झटकता झटकता तिने किती धपाटे घातले ते मी मोजले नाहीत.

एसी पुढच्या आठवड्यात लागला. बसवणारा मिस्त्री पिठाची धूळ पाहून म्हणाला होता, "इसकी जाली तो रोज़ भरेगी." ताई म्हणाली, "तो रोज़ धोऊँगी." ती खरंच रोज संध्याकाळी जाळी धुते. भाच्याला मी स्वतः फोन केला आणि माझी चूक पहिल्यापासून सांगितली. तो म्हणाला, "मामा, आईचा आवाज आज वेगळा होता. मी तिकीट रद्द करतो." त्यालाही हायसं वाटलेलं मला ऐकू आलं.

पहिल्या दिवशी मी थर्मामीटर घेऊन गेलो. हिशेब कागदावर बरोबर असतो, पण एकदा तोंडघशी पडलेला माणूस कागदावर विसंबत नाही. उपवासाच्या भाजणीचा दिवस होता. मोटर चालू, दार बंद, बाकावर तीन बायका. तासाभराने पारा अठ्ठावीसवर येऊन थांबला. अठ्ठावीस! बाहेर त्रेचाळीस होतं. ताईच्या खांद्यावर ओला टॉवेल नव्हता. ती पिठाच्या धारेखाली हात धरून जाडी तपासत होती आणि मधूनमधून बोटांनी पीठ चोळत होती. मला अगदी मनापासून बरं वाटत होतं. आपणच केलेला घोळ आपणच निस्तरला की माणूस जरा जास्तच खुश होतो.

बायका गेल्या. ताईने मोटर बंद केली आणि माझ्याशेजारी बाकावर टेकली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला त्याच दिवशी शक आला होता."

"कसला?"

"तुझ्या पाच टनाचा. अरे, समोरच्या कपड्याच्या दुकानात, एवढ्या मोठ्या, दोन एसी आहेत. आणि माझ्या एका मोटरीला पाच? मी रात्रभर सोचत राहिली. दुसऱ्या दिवशी फोनपण हातात घेतला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

ताई माझ्याकडे बघून हसली, लहानपणी मी ताट ढकलून उठायचो तेव्हा हसायची तसं. "तू चिडला असतास नं."

ती हे तक्रार म्हणून बोललीच नव्हती. आज हवा गरम आहे म्हणावं तितक्या सहज बोलली. गिरणी जाणार होती, घराला कुलूप लागणार होतं, उज्जैन सुटणार होतं. हे सगळं तिने कबूल केलं होतं, पण आपल्या भावाला "परत एकदा बघ" म्हणायचं धाडस तिला झालं नव्हतं. त्या अठ्ठावीस अंशांत मला घाम फुटला. माफी मागायला गेलो असतो तर तिनेच मला गप्प केलं असतं.

"आता विचार," मी म्हटलं.

"काय?"

"काहीही. त्या हिशेबातलं जे कळलं नसेल ते."

तिने थोडा विचार केला. मग जरा बिचकतच म्हणाली, "टन म्हणजे तर वजन नं? मग थंडीचं वजन कसं काय?"

मी सांगायला लागलो. पूर्वी थंडी म्हणजे बर्फ. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता जे यंत्र चोवीस तासांत बाहेर काढतं ते एक टनाचं. मग मोटरीकडे आलो, घोड्यांचे वॉट केले, वॉटचे बीटीयू केले, बीटीयूचे टन केले. ती मन लावून ऐकत होती. मधेच तिच्या कपाळावर आठी पडली, ती दिसली तसा मी थांबलो.

"नाही कळलं," ती म्हणाली. "परत सांग."

मी परत सांगितलं.